एसीतलं थांबलेलं पाणी

यवतमाळहून दारव्हा रस्त्याला लागलं की शहर संपलं असं वाटायच्या आत लोहारा लागतं. इथे एमआयडीसी आहे, डेनिम कापडाची मोठी गिरणी आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि या सगळ्यांच्या आधाराने उभी राहिलेली गॅरेजं आहेत. गाडीच्या एसीचं काम करणाऱ्याकडे इथे वर्षभरात मुख्यतः दोन तक्रारी येतात. होळीपासून मृगापर्यंत ‘एसी थंड होत नाही’ आणि पाऊस लागला की ‘एसीला वास येतो’. पहिल्या तक्रारीच्या वेळी गिऱ्हाईक घाईत असतं, खर्चाला तयार असतं आणि काम समजून घ्यायलाही तयार असतं. दुसरी तक्रार मात्र दुसऱ्याच कुठल्या कामासाठी गाडी आणल्यावर जाता जाता सांगितली जाते, ‘काही स्प्रे वगैरे मारून द्या’ एवढ्यावर. मला लिहायचं आहे ते या दुसऱ्या तक्रारीबद्दल. हे काम करत राहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की कुबट वासाकडे आपण घाण म्हणून पाहतो, त्यावर औषध शोधतो, आणि म्हणूनच तो दर पावसाळ्यात परत येतो. हा प्रश्न मुळात पाण्याचा आहे. गाडीचा एसी चालला की पाणी तयार होणारच. ते वाहून गेलं आणि मागे उरलेली ओल वाळली, तर वास धरत नाही. ते आत थांबलं, तर कितीही महागडा फवारा मारा, काही आठवड्यांत वास पुन्हा हजर होतो.

एसी म्हणजे थंडी तयार करणारं यंत्र, अशी आपली सगळ्यांची समजूत असते आणि विदर्भातल्या उन्हात ती असणं साहजिक आहे. पण या यंत्राचा जन्म पाण्याशी झालेल्या भांडणातून झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत-आकसत होता आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नव्हते. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने त्यावर जी योजना आखली, तिच्यात हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातलं पाणी काढून घ्यायचं होतं. हवा गार होणं हा त्याचा जोडफायदा. गाडीतही तेच घडतं. डॅशबोर्डच्या मागे, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या अंगाला, काळ्या प्लॅस्टिकची एक पेटी असते. तिच्यात कूलिंग कॉइल बसवलेली असते. कॉइलच्या नळ्यांना ॲल्युमिनियमचे कागदासारखे पातळ पापुद्रे असतात, दोन पापुद्र्यांत जेमतेम मिलीमीटर-दीड मिलीमीटरची फट. एसी चालू असताना या पापुद्र्यांचं तापमान शून्याच्या थोडं वर, साधारण दोन ते पाच अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. ब्लोअर हवा त्यांच्यावर ढकलतो, हवेतली वाफ त्यांच्यावर थेंब होऊन बसते, थेंब पेटीच्या तळाशी उतरतात आणि रबराच्या एका बारीक नळीतून गाडीखाली रस्त्यावर पडतात. एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं की नवखे लोक घाबरतात. खरं तर ते न दिसणं ही काळजीची गोष्ट आहे. गाडी बंद झाली की तळाचं पाणी निघून जातं, पण पापुद्र्यांच्या फटींत अडकलेलं पाणी तिथेच राहतं, कारण इतक्या अरुंद फटीतून ते आपल्या वजनाने खाली उतरत नाही. मग इंजिनाची धग आत येते, पेटी कोमट होते, उजेड नाही, वारा नाही. बुरशीला आणि जीवाणूंना याहून चांगली जागा बांधून देता येणार नाही.

यावर इथले लोक लगेच म्हणतात की आपलं हवामान तर कोरडं, हा मुंबई-रत्नागिरीचा रोग आपल्याकडे कसा येईल? आक्षेप योग्य आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत मिळतं. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४२ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी असतं. कॉइलवरून पाच अंशांपर्यंत थंड झालेली हवा जास्तीत जास्त पावणेसात-सात ग्रॅम पाणी धरू शकते. म्हणजे आपल्या भर उन्हाळ्यातही दर घनमीटरमागे दीड-दोन ग्रॅम पाणी कॉइलवर उतरतंच. आता जुलै घ्या. बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर त्याच एक घनमीटरमध्ये बावीस ग्रॅमच्या आसपास पाणी असतं आणि कॉइलवर पंधरा ग्रॅम उतरतं. उन्हाळ्याच्या आठ-नऊ पट. शिवाय उन्हाळ्यात गाडी उन्हात उभी राहिली की आतलं तापमान बाहेरच्याहून कितीतरी चढतं आणि कॉइल आपोआप वाळते, तर पावसाळ्यात झडीच्या दिवसांत ती दिवसेंदिवस वाळत नाही. गाडीत बसलेली माणसंही श्वासातून आणि घामातून पाणी सोडतात. शांत बसलेला माणूस तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत टाकतो, आणि आपल्याकडे लग्नाला निघालेल्या गाडीत किती जण असतात ते सांगायला नको. तेव्हा कोरडं हवामान हे वर्षातल्या काही महिन्यांचंच संरक्षण आहे. विदर्भात ज्याच्या घरी कूलर आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळाभर चाललेला कूलर पाऊस पडल्यावर टाकीतलं पाणी न काढता, ताटी न वाळवता, तसाच कोपऱ्यात लोटला आणि पुढच्या होळीला सुरू केला, तर पहिल्या झोताबरोबर जो वास घरभर पसरतो, तोच वास गाडीच्या जाळ्यांतून येतो. कूलरची ताटी आपण बदलतो, टाकी घासतो. गाडीची कॉइल दिसत नाही म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही.

पाण्याबरोबर बुरशीला खायला लागतं, आणि ते पुरवण्यात आपला जिल्हा कमी नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वेचणी सुरू झाल्यापासून ट्रॅक्टर, मेटॅडोर, बैलगाड्या कापूस भरून जिनिंगकडे जातात तेव्हा रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लटकलेला दिसतो. तोच तंतू गाड्यांच्या आत जातो. या दिवसांत केबिन फिल्टर ओढून काढला की त्याच्या घड्यांमध्ये करड्या रंगाची, बोटाने सोलून निघेल अशी गादी बसलेली असते. तिच्यात धूळ असते, कापसाचे तंतू असतात, पिसं असतात, वाळलेल्या पानांचा चुरा असतो. ज्या गाड्यांत फिल्टर नाही (जुन्या छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत फिल्टरची खाच होती, पण फिल्टर बसवलेला नव्हता) त्यांच्यात हीच गादी थेट कॉइलच्या पापुद्र्यांवर बसते. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, तो पाणी शोषून धरतो आणि ओला राहिला की बुरशी त्याला पचवते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे भराभर कुजू लागले तेव्हा शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. त्यातून ट्रायकोडर्मा कुळातली, सेल्युलोज खाणारी जी बुरशी हाती लागली ती आज जगभरच्या उद्योगांत वापरली जाते. तिच्या भाऊबंदांना आपला शेतकरी बीजप्रक्रियेमुळे नावाने ओळखतो. कॉइलवर नेमकी कोणती बुरशी आहे हे गॅरेजात कळत नाही आणि कळायची गरजही नाही. ओला कापूस बंद पेटीत ठेवला की काय होतं, हे कापूस पिकवणाऱ्या माणसाला सांगावं लागू नये. कापसाखेरीज आणखी एक पुरवठा होतो तो कडुनिंबाचा. सावलीसाठी गाडी निंबाखाली लावायची आपली सवय चांगलीच आहे, पण पानगळीत ती बारीक पानं समोरच्या काचेखालच्या जाळीत, वायपरच्या बुडाशी पडतात. बाहेरची हवा गाडीत तिथूनच शिरते. पहिल्या पावसात ती पानं भिजतात, कुजतात, आणि त्यांच्यावरून गेलेली हवा आपण आत घेतो. बऱ्याचदा एसीचा म्हणून सांगितलेला वास या जाळीतच असतो आणि ती हाताने साफ करायला दहा मिनिटं पुरतात.

वास आला की लोक काय करतात? पहिला उपाय परफ्यूमची बाटली. जाळीला अडकवायच्या, डॅशबोर्डवर चिकटवायच्या, आरशाला टांगायच्या, नाना प्रकारच्या. कुणी कापूर ठेवतं, कुणी डांबराच्या गोळ्या. डांबराच्या गोळ्यांबद्दल मी हात जोडून सांगतो की त्या गाडीत ठेवू नका. त्यांची वाफ बंद गाडीत श्वासावाटे जाते, आणि ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या घटकाची उपजत कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. डॅशबोर्डवरच्या देवापुढे लावलेल्या उदबत्तीचा धूर आणि खर्ऱ्याचा, विडीचा वास यांचंही चिकट पुट शेवटी कॉइलवरच जमतं आणि धूळ धरून ठेवतं. या सगळ्यांतला मुख्य दोष हा की ते वास झाकतात. सुरुवातीला वास हीच या बिघाडाची सहज कळणारी खूण असते. तेव्हा दिवा लागत नाही, आवाज येत नाही, थंडपणा कमी होत नाही. ती खूण झाकली की पाणी साचत राहतं. नाकही आपल्याला दगा देतं. एसी लावल्यावर पहिल्या मिनिटाला वास जोरात येतो, मग कॉइल थंड आणि ओली झाली की तो दबतो, आणि तेवढ्यात आपलं नाकही त्याला सरावतं. माणूस म्हणतो, ‘थोडा वेळ येतो, मग जातो.’ गाडीत नव्याने बसणाऱ्या पाहुण्याला विचारा, तो खरं सांगेल. दुसरा गैरसमज गॅसचा. वास येतो म्हणून गॅस भरून देणारेही भेटतात. गॅस बंद नळ्यांत फिरतो आणि आपण श्वासात घेतो त्या हवेशी त्याचा संबंध येत नाही. छोट्या गाडीत तो जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम असतो, आणि जो आर-१३४ए गॅस बहुतेक गाड्यांत आहे तो हवेत सोडला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट जड पडतो. वासाच्या तक्रारीवर तो काढणं-भरणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आणि हवा दोन्ही वाया घालवणं.

जंतुनाशक स्प्रे आणि फोम यांना मात्र मी सरसकट निकामी म्हणणार नाही. त्यांनी वास जातो हे खरं आहे, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे हाच अनुभव पुढे करतात. पण किती दिवस, हा प्रश्न विचारला पाहिजे. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात गाड्यांच्या कूलिंग कॉइल काढून तपासल्या. त्यांना तिथे बुरशी आणि जीवाणू एकमेकांत मिसळून बसलेले, पृष्ठभागाला घट्ट चिकटलेल्या थराच्या रूपात सापडले. या चिकट थराचं वैशिष्ट्य असं की वरून आलेल्या औषधाने वरचे जीव मरतात आणि खालचे तगतात. पुढच्या ओलीवर ते पुन्हा वाढतात. म्हणून फोम हे काम संपवणारं साधन नाही. पाणी वाहतं केल्यावर, फिल्टर बदलल्यावर, थर सैल करून धुऊन काढण्यासाठी त्याचा उपयोग आहे, आणि त्या क्रमात तो उत्तम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीबद्दल आणि बुरशीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही भर ओल आणि तिच्यावरची वाढ मुळात होऊच न देण्यावर आहे, कारण ओलीचा संबंध दमा आणि श्वासाच्या तक्रारींशी दिसून आला आहे. घराला लागू पडतं ते गाडीला का लागू पडू नये? ओझोनच्या यंत्रांचीही हल्ली जाहिरात होते. ओझोन वास मारतो, पण तो फुफ्फुसाला घातक आहे, रबर कडक करतो, आणि फटीतल्या पाण्याला हातही लावत नाही. ब्लीचिंगचं पाणी किंवा तत्सम काही जाळीतून ओतणं तर धोक्याचंच. त्याने ॲल्युमिनियमला भोकं पडतात, आणि मग खरोखरच गॅसचं काम निघतं.

मग काम कुठून सुरू करायचं? माझ्या मते गाडीच्या खालून. गाडी सपाट जागी उभी करायची, एसी पूर्ण थंडीवर आणि ब्लोअर मधल्या वेगावर ठेवून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू द्यायचं आणि खाली वाकून पाहायचं. पावसाळ्यात या वेळात नळीतून थेंब एकामागून एक पडलेच पाहिजेत. पडत नसतील तर नळी तुंबली आहे, आणि आतल्या पेटीत पाणी साठलेलं आहे. वळणावर डॅशबोर्डच्या मागून पाणी हलल्याचा आवाज येणं किंवा शेजारच्या सीटखालची मॅट ओली लागणं, या त्याच्या पुढच्या पायऱ्या. आपल्याकडे नळी तुंबायचं कारण बहुधा काळी माती. शेताच्या रस्त्याने गेलेल्या गाडीच्या पोटाला ही माती चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते, नळीचं तोंड तिच्यात बुजतं. कधी आत कुंभारमाशीने घर केलेलं असतं. नळी मोकळी केली की आधी काळपट, चिकट पाणी येतं, त्यात कापसाचे तंतू स्पष्ट दिसतात, मग हळूहळू स्वच्छ पाणी येऊ लागतं. हे पाणी गिऱ्हाइकाला दाखवावं, कारण त्यानंतर त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर फिल्टर. कागदी फिल्टर धुऊन परत बसवणं ही मोठी चूक, कारण धुतल्यावर तो आत ओलाच राहतो आणि बुरशीला नवी गादी मिळते. कॉम्प्रेसरच्या हवेने झटकल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण त्याचे तंतू फाटतात. कापसाच्या मुलखात फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरवर बदलण्यापेक्षा वेचणीचा हंगाम संपल्यावर एकदा बदलावा, असं माझं मत आहे. नवा बसवताना त्याच्या कडेवरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना, तेही पाहावं. हे सगळं झाल्यावर फोम, तोही ब्लोअरच्या बाजूने किंवा नळीतून थेट कॉइलवर पोचेल असा. डॅशबोर्डच्या जाळीतून आत मारलेल्या स्प्रेचा मोठा भाग नळकांड्यांच्या भिंतींवरच बसतो. मॅटखालचा जाड नमदा भिजला असेल, तर सीट काढून तो बाहेर उन्हात वाळवल्याशिवाय बाकीचं सगळं काम फुकट जातं.

आता वाळवण्याबद्दल. उतरण्याआधी काही मिनिटं एसीचं बटण बंद करून ब्लोअर चालू ठेवावा, हा सल्ला गाडीच्या पुस्तकांतही सापडतो. यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही मला पटतात. पहिला, मे महिन्यात शेवटची पाच मिनिटं एसीशिवाय कशी काढायची? लोहाऱ्याहून यवतमाळच्या बाजारात जायचं म्हटलं तर प्रवासच चार-पाच किलोमीटरचा. याचं उत्तर असं की मे महिन्यात हा नियम पाळला नाही तरी फारसं बिघडत नाही. तेव्हाचं ऊन कॉइल वाळवून टाकतं. ही शिस्त मृगापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांची आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पावसात चालत्या गाडीत एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवला, तर ओल्या कॉइलवरची वाफ आत येते आणि समोरची काच क्षणात धुरकट होते. रात्री, समोरून ट्रक येत असताना, हे जिवावर बेतू शकतं. म्हणून पावसाळ्यात हे काम चालत्या गाडीत करूच नये. घरी पोचल्यावर, गाडी जागेवर लावून, चारही काचा थोड्या खाली करून, इंजिन चालू ठेवून करावं. आणि इथे हीटरचा उपयोग होतो, पण तो कसा होतो हे समजून घेतलं पाहिजे. गाडीच्या पेटीत हवा आधी कूलिंग कॉइलवरून आणि मग हीटरच्या कॉइलवरून जाते. बाहेरची हवा घेऊन हीटर लावला, तर तापलेली हवा सरळ गाडीत येते आणि ओली कॉइल तशीच राहते. आतली हवा फिरवायचं, गोल बाणाचं बटण दाबलं, तरच तापलेली हवा पुन्हा कॉइलवरून जाते. २७ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४२ अंशांपर्यंत तापवली, की तिची आर्द्रता ३५-३७ टक्क्यांवर येते आणि ती ओल शोषू लागते. काचा थोड्या उघड्या ठेवल्या की शोषलेली वाफ बाहेर पडते. शेवटी एक मिनिट बाहेरची हवा पूर्ण वेगाने सोडावी. रोज एवढं करायची गरज नाही. झडीच्या आठवड्यात दोनदा केलं तरी पुरतं. पेट्रोल जळतं हे खरं, पण छोट्या गाडीचं इंजिन पाच मिनिटं जागेवर चाललं तर पन्नास-साठ मिलीलिटरच्या आसपास जळतं, आणि परफ्यूमची एक बाटली त्याहून कितीतरी महाग पडते. काही नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर ब्लोअर आपोआप काही वेळ चालून कॉइल वाळवतो. कारखानदारांना ही सोय द्यावीशी वाटली, यातच या म्हणण्याला दुजोरा आहे.

आतली हवा की बाहेरची, हाही वाद कायमचा. धूळ नको म्हणून बरेच जण गोल बाणाचं बटण कायम दाबून ठेवतात. कच्च्या रस्त्यावर, ट्रकच्या मागे, किंवा शेतात फवारणी चालू असलेल्या भागातून जाताना ते बरोबरच आहे. फवाऱ्याच्या औषधाची हवा आत घेऊ नये, हे या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. पण तासन्‌तास तसंच ठेवलं, तर माणसांचा ओलावा आतच फिरतो, आणि भरलेल्या गाडीत कार्बन डायऑक्साइडही काही हजार पीपीएमपर्यंत चढतो. डोकं जड होतं, डुलकी येते. डांबरी रस्ता लागला की बाहेरची हवा सुरू करावी. धूळ अडवायला फिल्टर आहे, आणि त्यासाठीच तो वेळेवर बदलायचा.

शेवटचा आक्षेप आमच्याच धंद्यातून येतो. गिऱ्हाइकाला एवढं ऐकायचं नसतं, त्याला दहा मिनिटांत वास घालवून हवा असतो, नळी मोकळी करून चार पैसे सुटत नाहीत, स्प्रे मारून सुटतात. हे धंद्याचं गणित मला कळतं. पण याचंच दुसरं टोक असं की नळी न पाहता थेट डॅशबोर्ड उतरवून कॉइल काढायचा सल्ला दिला जातो. डॅशबोर्ड उतरवणं हे दिवसभराचं काम आहे. गॅस काढावा लागतो, शेकडो क्लिपा आणि जोड सुटतात, आणि परत बसवल्यावर तो कुठे ना कुठे खडखडतोच. कॉइल गळत असेल किंवा आत उंदीर मरून पडला असेल, तर त्याला इलाज नाही. नुसत्या कुबट वासासाठी तो शेवटचा उपाय ठेवावा. गोडसर वास येत असेल तर तो हीटरमधून गळणाऱ्या कूलंटचा असू शकतो, जळका वास वायरिंगचा, आणि या दोन्ही गोष्टी लगेच दाखवायच्या. बाकी कुबट, ओल्या कपड्यासारखा वास घेऊन गॅरेजात आलात, तर मेकॅनिकला पहिला प्रश्न हा विचारा: ‘नळीतून पाणी पडतंय का?’ तो खाली न वाकता स्प्रेचा डबा हातात घेत असेल, तर दुसरीकडे जा.

हे सगळं आता फक्त कारवाल्यांपुरतं राहिलेलं नाही, म्हणून मी ते एवढ्या आग्रहाने मांडतो आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे. कापसाच्या गाठी, सरकी, सिमेंट वाहणारे चालक यापुढे एसीतच बसतील आणि त्याच केबिनमध्ये झोपतीलही. कारवाला तासभर जो वास सहन करतो, तो ट्रकच्या चालकाच्या वाट्याला रात्रंदिवस येईल, आणि त्यांच्यात दम्याची माणसंही असतील. त्यांच्या हातात गाडी असते, पण फिल्टरचे पैसे मालकाच्या हातात असतात. तेव्हा यवतमाळ-दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या ट्रकमालकांना माझी विनंती आहे: टायर आणि ऑइलच्या हिशेबात वर्षातून एकदा केबिन फिल्टर लिहा, मृग लागायच्या आत गाडी सपाट जागी उभी करून नळीचं पाणी पाहून घ्या, आणि चालकाने ‘वास येतो’ म्हटलं तर त्याच्या हातात परफ्यूमची बाटली देऊ नका, गाडी आधी गॅरेजात पाठवा.